वरचे राहू द्या

रावपुऱ्यात, टपाल कचेरीच्या जरा अलीकडे,
नऊ फूट रुंदीचं आमचं चष्म्याचं दुकान.
गल्ल्यावर बाबांची चौकोनी वही असायची.
आता तिथे बँकेचं मशीन,
तळहाताएवढं, रात्रीही एक हिरवा डोळा उघडा.
भाडं महिन्याचं; वापरा, न वापरा.

बसवायला केयूर नावाचा मुलगा आला होता.
म्हणाला, डेबिटला शंभरामागे नव्वद पैसे,
क्रेडिटला पावणेदोन रुपये,
आणि जे कापू त्याच्यावर कर.
कापल्यावरही कर?
कापल्यावरच, काका.
ते गिऱ्हाइकाला लावायचे का, विचारलं.
तो बूट घालत म्हणाला, करारात नाही म्हटलंय.
समोरच्या भांडीवाल्याकडे पाटी आहे:
कार्ड पर बे टका वधारे.
मी लावली नाही. तत्त्व वगैरे काही नाही,
भिंतीवर जागाच नव्हती.

बाबांचे टक्के वेगळे होते.
बिल एकशे तेवीस झालं की पेनाचं टोपण लावत म्हणायचे,
वरचे राहू द्या.
कुणाला तीन, कुणाला सात,
मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सला एकदा चक्क अकरा.
माणूस बघून.
बँक माणूस बघत नाही,
तिला वरचेच आधी लागतात.

कुमुदबेन अमीन मार्चमध्ये आल्या.
बिल तेवीसशे बहात्तर.
वरचे राहू द्या, म्हटलं, तेवीसशे पन्नास.
त्यांनी मुलाने काढून दिलेलं कार्ड पुढे केलं,
चार आकडे दाबताना पदराने मशीन झाकलं,
माझी मीच मान वळवली.
खात्यावर आले तेवीसशे एक रुपये अठ्ठेचाळीस पैसे.
बावीस मी सोडले होते,
साडेअठ्ठेचाळीस सुटले.

जूनमध्ये बँकेचं पत्र.
कार्डधारकाला हा व्यवहार ठाऊक नाही.
दहा दिवसांत पावती सादर करा.

पावत्या माझ्या तारेला टोचलेल्या, खिडकीशी,
जिथे दुपारचं ऊन चार वाजेपर्यंत हलत नाही.
मार्चपर्यंत खाली उतरलो:
पांढरी. पांढरी. पांढरी.
दुकानात सहाशे भिंगं आहेत.
मी एकेक डोळ्याला लावून पाहिलं,
उणे, अधिक, तिरपं धरून, बल्बसमोर.
कागदावर काही नव्हतं.
माळ्यावरून बाबांची वही काढली, उगाच.
एकाहत्तर साल. निळी शाई.
'दलाल मास्तर, बाकी साडेचार, दिवाळीनंतर.'
स्वल्पविरामसुद्धा जागेवर.

बँकेने तेवीसशे पन्नास परत ओढले.
वर पाचशे दंड.
आधी कापलेले साडेअठ्ठेचाळीस मात्र
त्यांच्याकडेच राहिले, कष्टाचे म्हणून.

ऑगस्टमध्ये कुमुदबेन स्वतःच आल्या, दांडीचा स्क्रू ढिला झाला म्हणून.
तोच चष्मा, नाकावर.
स्क्रूचे आम्ही कधीच घेत नाही.
पिळता पिळता मी पत्र पुढे सरकवलं,
मग आठवलं, चष्मा माझ्या हातात आहे.
दिला.
त्यांनी सगळं वाचलं. बारीक टाइपातलं, तळटीपही,
एकदाही कागद लांब न धरता.
(नंबर बरोबर लागला होता, हे मनात आलंच.)

मुलाचं काम, म्हणाल्या. तो ब्रॅम्प्टनला बसून हिशेब बघतो.
एसबीटी ओपीटी बीआरडी कोण, त्याने विचारलं.
मी म्हटलं, मला काय माहीत बाबा.

सदाशिव बळवंत टिपणीस,
मी सांगितलं. माझे वडील.
बँकेच्या रकान्यात एवढेच मावले.

त्या पाटीकडे पाहायला बाहेर जाऊन आल्या.
मग पाकिटातून नोटा, थुंकी लावून मोजलेल्या,
तेवीसशे पन्नास.
अने पेला पांचसो?

टोपण लावायला हातात पेन नव्हतं,
म्हणून मशीनचं झाकण नुसतंच उघडून मिटलं.
आत रोल संपत आला होता, कडेने गुलाबी रेघ.

वरचे राहू द्या, म्हटलं.